लाल कंपनी, निळी कंपनी आणि माझे इवाई

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. कधी मोतीबिंदूचं ऑपरेशन आडवं आलं, कधी सोयाबीनची सोंगणी, कधी घराचं रंगकाम. आणि आडवं यायला काहीच उरलं नाही तेव्हा मी दुपारची झोप वाढवली. आता वय असं आलं आहे की टाळायला पुढे फारशी जागा नाही, म्हणून सांगून टाकतो. अमेरिकेतल्या दोन सिनेमा कंपन्यांची जेवढी काळजी माझ्या इवायांनी वाहिली, तेवढी त्या कंपन्यांच्या मालकांनीही वाहिली नसेल. इवाई म्हणजे आमच्या वऱ्हाडात व्याही. माझ्या सुनेचे वडील. आमच्या वाशिमजवळच्या मालेगावात आजही बसस्टँडवर कोणालाही विचारा, "इथली टॉकीज काहून बंद पडली?" तर पानटपरीवाल्यापासून तालुक्याच्या साहेबापर्यंत सगळे एकच सांगतील, "मालकाच्या इवायानं बंद पाडली." ते टॉकीजमालक म्हणजे मी. आणि ही गोष्ट साफ खोटी आहे. तिच्यामुळे एका भल्या माणसाचं नाव गावात आणि त्याच्या स्वतःच्या लेकीपुढे खराब झालं, ते अजून तसंच आहे. ते कसं झालं हे सांगायचं तर आधी इवाई सांगावे लागतील, आणि इवाई थोडक्यात सांगता येत नाहीत.

मेडशीच्या शिवारात त्यांची भाजीपाल्याची बाग होती. वांगी, मेथी, सांबार, थोडी पालक. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरगावच्यांसाठी. अंगाने उंच आणि बारीक, शेवग्याच्या शेंगेला सदरा घातल्यासारखे. पण आवाज असा की ते मेडशीच्या फाट्यावर बोलले तर एसटीचा कंडक्टर घंटी न वाजवता गाडी थांबवायचा. पाखरं येऊ नयेत म्हणून शेतकरी बुजगावणं उभं करतो. इवायांनी दोन उभी केली होती. एकाच्या खांद्यावर लाल लुगड्याचा तुकडा, दुसऱ्याच्या खांद्यावर निळ्या लुगड्याचा. एक या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दुसरं त्या धुऱ्यावर. दर आठवड्याला ते दोघांच्या जागा बदलायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "पाखरं इकडूनच जास्त येतात ना. रोज एकालेच काम पडलं त दुसरा आळशी होऊन जाते." बुजगावण्याला आळस चढेल या काळजीने झोप उडालेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्यांची आणि सिनेमाची गाठ आमच्याच घरी पडली. मुलाचं लग्न ठरत होतं. रीतीप्रमाणे मुलीकडची मंडळी घर पाहायला मालेगावला आली. आमचं घर आणि टॉकीज यांच्यामध्ये एक भिंत. पोहे झाले, चहा झाला, देण्याघेण्याची बोलणी सुरू करावी म्हणून पाहतो तर मुलीचे वडीलच गायब! संडासाकडे पाहिलं, रस्त्यावर पाहिलं, त्यांच्या मोठ्या भावाला तर घामच फुटला. शेवटी ते सापडले टॉकीजमध्ये, खालच्या वर्गाच्या बाकड्यावर, मांडी घालून. पडद्यावर अमेरिकेचा एक वीर अंगाला घट्ट कपडे आणि पाठीला लांब झगा लावून आभाळात उडत होता आणि शुद्ध हिंदीत धमक्या देत होता. मी शेजारी जाऊन हळूच म्हटलं, "पाव्हणे, बैठक खोळंबली आहे." त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"बसा ना बापा. हा बाप्या लय वर जाऊन राह्यला. याले काही होत त नाई ना?"

"काही होत नाही. याचा पुढचा भागसुद्धा आलाय."

"मंग ठीक हाय," म्हणत त्यांनी मोठा श्वास सोडला. "आमाले घर पसंत हाय."

घराच्या चार खोल्यांपैकी त्यांनी फक्त ओसरी पाहिली होती. माझी सून पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, "माझं लग्न घर पाहून नाही, पडदा पाहून ठरलं."

लग्न झाल्यावर आमची टॉकीज त्यांच्या लेकीच्या घरची झाली, आणि तिथे एक वेगळाच पेच उभा राहिला. आमच्याकडची जुनी माणसं पोरीच्या घरचं पाणी पीत नाहीत. बहुतेक घरी ही रीत नातवंड झालं की सैल होते. इवायांनी ती सैल तर केली नाहीच, उलट टॉकीजलाही लावली. फुकट पास म्हणजे पोरीच्या घरचं खाणं. म्हणून ते रांगेत उभे राहून तिकीट काढायचे, आणि बुकिंगच्या खिडकीत स्वतः मी बसलेलो असलो तरी "एक खालचं" म्हणून माझ्याकडे असं पाहायचे की जणू आमची ओळखच नाही. प्यायला पाणी मेडशीहून बाटलीत. एकदा उन्हाळ्यात मी गमतीने विचारलं, "इवाई, पाण्याचं समजलं. पण पंख्याची हवा आमचीच लागते तुम्हाला, त्याचं काय?" ते विचारात पडले. पुढच्या शुक्रवारी आले ते हातपंखा घेऊन.

आता त्या दोन कंपन्यांविषयी. अमेरिकेत असले उडणारे-बुडणारे वीर काढणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या होत्या. त्यांची इंग्रजी नावं इवायांच्या जिभेवर कधी बसली नाहीत. एकीच्या पोस्टरवर लाल रंग जास्त असायचा म्हणून ती लाल कंपनी, दुसरी निळी कंपनी. वीरांनाही त्यांची स्वतःची नावं होती. झगेवाला, बुक्कीवाला, अंगातून जाळ काढते ती बाई, आणि एक नुसताच रागावलेला. कथा मात्र त्यांना एकही नीट माहीत नव्हती, कारण मारामारी सुरू झाली की त्यांना झोप लागायची. इमारती कोसळू लागल्या की इवाई घोरू लागत, आणि सगळं शांत झालं की दचकून जागे होत. "कोन जित्तलं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्यामुळे मेडशीत पारावर बसून ते जी कथा सांगायचे तिच्यात निळीचा राक्षस लालच्या शहरात शिरायचा, झगेवाला जाळवाल्या बाईचा भाऊ निघायचा, आणि कोणी शंका काढली तर इवाई म्हणायचे, "तू पाह्यला का पिक्चर? मंग चूप बस."

पण त्यांचं खरं प्रेम वीरांवर नव्हतंच. त्यांचं प्रेम होतं दुसऱ्या नंबरवर. लाल कंपनीचा पिक्चर जोरात चालला की इवायांचा चेहरा उतरायचा आणि ते निळीच्या तयारीला लागायचे. निळीचा आला की मेडशीहून माणसं गोळा करून भाजीच्या टेम्पोत घालून आणायचे. एकदा निळीचा एक पिक्चर इतका टुकार निघाला की मध्यंतरात आलूबोंडे खायला बाहेर पडलेले लोक परत आत यायला तयार होईनात. इवाई दारात आडवे उभे राहिले. "चला राजेहो, आत चला! कंपनी खाली बसून राह्यली, तिले आपुन आधार नाई देणार त कोन देणार?" मेडशीच्या एका म्हातारबाने विचारलं, "आरं, पन ते अमेरिकेचे लोक. त्याइले आपल्या आधारानं काय होते?" इवाई म्हणाले, "तुमी आत त जा, मंग पाहू." आणि गंमत म्हणजे पुढे निळीचा दबदबा वाढला आणि लाल मागे पडली, तेव्हा हाच माणूस तोच टेम्पो घेऊन लालसाठी हजर! लोक म्हणायचे, मालकाच्या इवायाची निष्ठा म्हणजे बैलगाडीखालचा कंदील, कधी इकडे कधी तिकडे. मला वाटतं त्यांच्याइतका एकनिष्ठ माणूस नव्हता. फक्त निष्ठा कशावर, हे कोणी विचारलं नाही.

हे खूळ सिनेमापुरतं नव्हतं. मेडशीच्या फाट्यावर चहाची दोन हॉटेलं होती. इवाई अर्धा कप इथे प्यायचे, अर्धा तिथे. गावात दोन न्हावी. दाढी एकाकडे, कटिंग दुसऱ्याकडे. चहावाल्यांपैकी एक कावीळ होऊन पडला तर इवाई रोज त्याला पाहायला जायचे, उसाचा रस न्यायचे. त्याच्या बायकोला गहिवरून आलं. इवाई तिला म्हणाले, "माय, याले लवकर बरं कर. हा उठला नाई त थो समोरचा उद्यापासून गरम पानी इकन चहा म्हनून." आणि मग थोडं थांबून, कुठे वाईट वाटलं असेल म्हणून, "आन् मानूस बी बरा हाय हा."

हे सगळं आलं कुठून, तर हर्राशीतून. हर्राशी म्हणजे भाजीचा लिलाव. पहाटे आमच्या बाजारात अडत्या मालाचा ढीग पुढे ओढतो आणि ओरडतो, व्यापारी बोली लावतात. दोन व्यापारी आले तर चुरस लागते आणि मेथीला भाव येतो. एकच आला तर तो नाकाला रुमाल लावून, ढिगाला पायाने हलवून, म्हणेल तो भाव. इवाई सांगायचे, "मालात फरक नसते इवाईबुवा. मेथी तीच असते. दुसरा मानूस उभा असला की तिले वास येते." मी हसायचो. टॉकीजचा धंदा आणि मेथीची जुडी यांचा संबंध लावणाऱ्या माणसाला हसावं नाही तर काय करावं, असं मला तेव्हा वाटायचं.

मग एक दिवस लाल कंपनीच्या वितरकाचा माणूस माझ्याकडे आला. तरणाबांड, गॉगल डोक्यावर, बोलायला साखर. म्हणाला, "काका, आमचे सगळे पिक्चर तुम्हाला पहिल्या दिवशी. मोठ्या शहरात लागतो त्याच दिवशी मालेगावात. पण एक आहे. त्या दुसऱ्यांचे लावायचे नाहीत." आमच्यासारख्या गावात पहिल्या दिवशीचा पिक्चर म्हणजे काय असतं हे आज सांगून कळणार नाही. तोवर आमच्याकडे पिक्चर असा यायचा की त्याचा शेवट पोरांना पाठ झालेला असायचा. मी बायकोला विचारलं नाही, मुलाला विचारलं नाही, टॉकीजच्या ओट्यावर चहा पिता पिता हात पुढे केला. आणि त्याच दुपारी निळीच्या वितरकाला फोन करून सांगितलं की यापुढे तुमचे नकोत. जरा तोऱ्यातच सांगितलं.

संध्याकाळच्या एसटीने इवाई हजर. त्यांना कोणी सांगितलं देव जाणे.

"निळीले नाई म्हनले मनतात?"

"म्हटलं. काय बिघडलं? लालवाल्यांचे पाहा तुम्ही. पहिल्या दिवशी पाहा."

"पाहीन ना. पन मंग हे कायले चांगले काढतीन?"

"म्हणजे?"

"समोर कोनी उभाच नाई त हे मेहनत कायले करतीन? तुमी करसान का?"

"इवाई, ते अमेरिकेत आहेत. मालेगावच्या टॉकीजने निळीला नाही म्हटलं हे त्यांना कळणारसुद्धा नाही."

"तिथं बी कोनी तुमच्यासारखाच बसला असन ना ओट्यावर," इवाई म्हणाले. पोरीच्या हातचा चहा समोर निवत होता, त्याला अर्थातच हात न लावता ते उठून गेले.

पहिली दोन वर्षं मजेची गेली. रिसोडहून, इंझोरीहून मोटारसायकली भरभरून पोरं यायची. मग अटी बदलू लागल्या. पिक्चर पडला तरी इतके आठवडे चालवलाच पाहिजे. मराठी पिक्चरला मॅटिनीसुद्धा द्यायची नाही. कंपनीचा वाटा वाढवा. मी कुरकुरलो की तो गॉगलवाला गोड हसायचा, "काका, नको असेल तर सांगा." नको म्हणून जाणार कुठे? आणि पिक्चरही कसे येऊ लागले! एक समजायला आधीचे सगळे पाहिलेले असले पाहिजेत. जुन्या वीराचा भाचा, भाच्याचा मित्र, मित्राचं कुत्रं. बाल्कनीत माणसं बसायची ती एकमेकांना विचारत, "हा कोण? मागच्यात मेला होता तोच का?" इवाई मात्र दर शुक्रवारी तिकीट काढून यायचे. आता त्यांना मारामारीच्या आधीच झोप लागायची, पण त्यांनी मला एकदाही "सांगितलं होतं ना" असं ऐकवलं नाही. जे मनात होतं ते त्यांनी एकदाच बोलून घेतलं, आणि तेही आपल्या पद्धतीने.

तो शुक्रवार मला लख्ख आठवतो. लाल कंपनीच्या एका मोठ्या पिक्चरचा पहिला दिवस, दुपारचा खेळ, रांग रस्त्यापर्यंत गेलेली. गॉगलवाला खास पाहायला आलेला, त्याच्या हातात मी चहाचा कप दिलेला. इतक्यात इवाई बाजारातून आले, बरोबर वांग्याचं रिकामं कॅरेट. त्यांनी ते बुकिंगच्या खिडकीसमोर पालथं घातलं, वर चढले आणि अडत्याच्या आवाजात सुरू झाले.

"बोला राजेहो, बोला! हे टॉकीज हर्राशीले काढली! खुर्च्या हायेत, पंखे हायेत, मालक बी भला मानूस हाय! पह्यली बोली लाल कंपनीची! दुसरी बोली?" त्यांनी कानामागे हात लावला. "दुसरी बोली कोनाची हाय का? मांगून कोनी बोललं का?"

रांग खदखदू लागली. कोणीतरी मागून ओरडलं, "मामा, निळी कंपनी कुठं गेली?"

"तिले बोलावलंच नाई ना बापा! मंग आता कसं? माल बी लालचा, काटा बी लालचा, आन् भाव बी लालच सांगन! एक वार, दोन वार..."

हशा असा उसळला की आलूबोंडेवाल्याने कढईखालचा गॅस बंद करून हसून घेतलं. गॉगलवाल्याने मोबाइल काढला. मला वाटलं तो कंपनीला फोन लावतोय. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी भर रांगेत म्हणालो, "इवाई, पोरीच्या घरचं पानी पेत नाई ना तुमी? मंग पोरीच्या घरच्या धंद्यात तोंड कायले घालता?"

इवाई कॅरेटवरून उतरले. ते उचलून भिंतीला लावून ठेवलं. माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले, म्हणाले, "चुकलं, इवाईबुवा. जास्त बोलून गेलो." मग रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, तिकीट काढलं आणि आत गेले.

त्यानंतर काही महिन्यांत वाशिमला दोन-तीन पडद्यांचं नवं थिएटर उघडलं. गारेगार हवेचं, मऊ खुर्च्यांचं. गॉगलवाला शेवटचा आला तेव्हा त्याने गॉगल काढला होता. "काका, पहिला दिवस आता वाशिमला. तुमच्याकडे नंतर पाठवू." नंतर म्हणजे सगळ्यांचं पाहून झाल्यावर. मी विचारलं, "आमच्या इवायांनी हर्राशी केली, त्याचा राग धरला का?" तो मनापासून हसला. "ती? अहो, त्याचा व्हिडिओ मी ऑफिसात दाखवला. साहेब पोट धरून हसले. त्याचा काय राग? वाशिमला खुर्च्या जास्त आहेत, एवढंच." मी निळीच्या वितरकाला फोन केला. तो सभ्य माणूस, ओरडला नाही. म्हणाला, "तुम्हीच नको म्हणाला होता. आम्हीही वाशिमला बोलून बसलो." अशी माझी टॉकीज बंद पडली. एक दार त्यांनी लावलं, आणि दुसरं मी आधीच लावून ठेवलं होतं.

आता माझी गोष्ट. कुलूप लावल्यावर दोन दिवसांनी मी कटिंगला गेलो. खुर्चीत बसल्या बसल्या न्हाव्याने विचारलं, "काहून बंद केली मालक?" दुकान माणसांनी भरलेलं. खरं सांगायचं तर म्हणावं लागलं असतं की मी ओट्यावर बसून, कोणाला न विचारता, एकाला हात दिला आणि दुसऱ्याला हाकललं. जीभ वळली नाही. वळली ती भलतीकडेच. मी म्हणालो, "काय सांगू? आमच्या इवायांनी कंपनीच्या माणसाची फजिती केली सगळ्यांदेखत. कंपनीने राग धरला." त्या दिवशी माझी कटिंग होईपर्यंत ही गोष्ट बसस्टँड ओलांडून गेली होती. सगळ्यांनी ती हर्राशी पाहिलेली. कोणाला शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

इवायांच्या कानावर ती गेली, पण त्यांनी कधी नाकारली नाही. बाजारात पोरं चिडवायची, "काय मामा, टॉकीज बंद पाडली?" हे मेथीच्या जुड्या मांडता मांडता म्हणायचे, "हो, पाडली. आता तुयं दुकान पाहतो, कुठं हाय ते सांग." हसणारे हसायचे. मला वाटायचं, चला, त्यांना त्याचं काही नाही. वाटायला सोयीचं होतं. मग दिवाळीत ते लेकीला भेटायला आले, पिशवीभर वांगी घेऊन. अंगणात मी पेपर घेऊन बसलो होतो. सुनेने दारातच विचारलं.

"बाबा, खरं हाय का? तुमच्यामुळं गेली टॉकीज?"

इवायांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, त्यात रागही नव्हता. मी पेपरातले सोयाबीनचे भाव वाचू लागलो.

"हो बाई," ते म्हणाले. "बोलन्याच्या भरात होऊन गेलं."

"तुमचं ते लाल अन् निळं! त्यापायी माह्या सासऱ्याचा धंदा बुडाला. मी या घरात कोनत्या तोंडानं वागू?"

"चुकलं माये," ते म्हणाले आणि आल्या एसटीने परत गेले. मुलीचा बाप मुलाच्या बापाला खोटं पाडत नाही. ही रीत काही कुठे लिहिलेली नाही, पण ती त्यांनी पाळली. त्या वर्षी सून माहेरी गेली नाही. पुढे जाऊ लागली, बाप-लेकीचं बोलणं पहिल्यासारखं झालं. पण सिनेमाचं नाव तिने त्यांच्यापुढे पुन्हा काढलं नाही. आणि त्या माणसाला तर बोलायला सगळ्यात जास्त तेच आवडायचं. मग ते मला फोन करायचे. मलाच! मोबाइलवर काहीतरी पाहायचे आणि विचारायचे, "इवाईबुवा, निळीले कोनीतरी इकत घेऊन राह्यलं मनतात, खरं हाय का?" मला काय ठाऊक! पण ते काळजीत पडलेले. "घेतलं इकत, तर मंग भांडन कोनाचं? एकटा मानूस आपल्याच थोबाडात मारून घेईन का? तसे पिक्चर कोन पाह्यन?"

अशाच एका फोननंतर मी ठरवलं की आता बस झालं. मेडशीची एसटी पकडली. वाटेत शब्द जुळवले, मनातल्या मनात म्हणून पाहिले. बागेत पोहोचलो तर इवाई मेथीच्या वाफ्याशी खुरपं घेऊन बसलेले. मला पाहून त्यांना कोण आनंद झाला! पालकाचा वाफा दाखवला, वांग्याला पडलेली कीड दाखवली, लाल कंपनीचा नवा पिक्चर बेकार असल्याचं सांगितलं, आणि तो का पाहायला पाहिजे हेही सांगितलं. शेवटी सगळं दाखवून-सांगून झालं तेव्हा मी म्हणालो, "इवाई, मले तुमाले एक सांगायचं होतं."

"सांगा ना."

तेवढ्यात विहिरीवरचा दिवा पेटला आणि शेजारच्या शिवारातून कोणीतरी ओरडलं, "लाइन आली होऽ!" आमच्याकडे शेतीची वीज येते तेव्हा माणूस काय करत होता हे विचारायचं नसतं. इवाई खुरपं टाकून पळाले. मोटर सुरू झाली, पाटातून पाणी धावू लागलं. ते एक वाफा भरला की माती ओढून दुसऱ्याकडे पाणी वळवत होते, आणि मी धुऱ्यावर चप्पल हातात घेऊन उभा होतो. दूरवरून त्यांचा तो आवाज आला, "काय मनत होते, इवाईबुवा?"

एवढ्या लांबून ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी ओरडलो, "काही नाही! वांगे झक्कास आलेत!"

"मंग न्या ना घेऊन!" ते खूश होऊन ओरडले.

मी वांगी घेऊन परत आलो. म्हटलं, पुढच्या खेपेला. फाल्गुनात एके दुपारी ते जेवून बाजेवर लवंडले आणि उठले नाहीत. तेरवीला मेडशीत माणसं मावेनात. दोन्ही चहावाले, दोन्ही न्हावी, सगळा बाजार. पंगतीनंतर लोक त्यांच्या गोष्टी सांगून हसत होते. कोणीतरी प्रेमानेच म्हणालं, "अख्खी टॉकीज बंद पाडनारा मानूस गेला राजेहो." रडून डोळे सुजलेली माझी सूनसुद्धा त्यावर थोडी हसली. मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. तोंड उघडलं, आणि पान मागितलं.

हा कागद छापायला देण्याआधी मी तो सुनेच्या हातात ठेवणार आहे. ती वाचून काय म्हणेल ते म्हणो, माझ्याशी बोलो किंवा न बोलो. निदान तिला तिचे वडील परत मिळतील. ज्यांना सांगायचं होतं त्यांना ते पोहोचायचं नाही. तरी त्या दिवशी मालेगावहून मेडशीला जाताना, खिडकीशी बसून, जे शब्द मी पुन्हापुन्हा म्हणून पाहिले होते ते इथे ठेवतो. फार नव्हते. "इवाई, टॉकीज तुमी नाई बंद पाडली. मी पाडली, आन् नाव तुमचं सांगितलं. त्या दिवशी अंगनात मी पेपर वाचत नव्हतो. मले माफ करा."